फक्त बघायचं!

मुलांनो, डोळे मिटू नका, उघडेच ठेवा, पण माझ्याबरोबर जरा कल्पना करा. तुमच्यासमोर पाण्याने भरलेला एक टब आहे. हातात खेळायच्या रंगीत मातीचा गोळा आहे. हा गोळा पाण्यात टाकला की बुडतो, आणि तुम्हाला तर तो तरंगवायचा आहे. किती मजेचं काम! तुम्ही बाह्या सरसावता, गोळा तळहातावर घोळवता, आणि तेवढ्यात मानेवर कुणाचा तरी गरम श्वास येतो. वर बघता, तर एक मोठं माणूस तुमच्या डोक्यावर वाकलेलं! डावीकडे दुसरं, त्याच्या तोंडाला चहाचा वास. उजवीकडे तिसरं, ते सारखं मनगटावरचं घड्याळ बघतंय. आणि सगळी मिळून तुम्हाला सांगतायत, "आमच्याकडे लक्ष देऊ नकोस हं! आम्ही इथे नाहीच असं समज!"

आता सांगा, तुम्ही काय कराल?

मी काय केलं असतं ते सांगतो. तो गोळा जे नाक सगळ्यांत जवळ असेल त्या नाकावर थापला असता!

माफ करा. तसा मी फार शांत माणूस आहे. उभा जन्म लहान मुलांना शिकवण्यात गेला. एकेक मूल मला शंभरदा तोच प्रश्न विचारतं आणि मी शंभरदा तेच उत्तर देतो, तेही हसून. राग कसा असतो हे मला कुणाला तरी विचारावं लागतं. पण त्या दिवशीची गोष्ट आठवली की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय तो शांत होत नाही. तर ऐका.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. शाळेत सगळे तिला 'गोगलगाय' म्हणायचे. मुलं म्हणायची तेव्हा मला वाईट वाटायचं. शिक्षक म्हणायचे तेव्हा माझ्या कानांतून वाफ निघायची! मी तिला 'बाईसाहेब' म्हणायचो, कारण तिचा थाटच तसा होता. घाई म्हणून कशाची नाही. पेन्सिलीला टोक करायचं झालं तर आधी पेन्सिल नीट बघणार, मग शार्पनर नीट बघणार, मग दोघांची एकमेकांशी ओळख करून देणार, आणि मग कुठे टोक! पण टोक असं यायचं की वर्गातली बाकीची पोरं आपापल्या पेन्सिली घेऊन तिच्यापुढे रांग लावायची.

एके दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर म्हणाले, "ती गोगलगाय वरच्या तुकडीत नको."

हे आमचे गणिताचे सर म्हणजे चालतंबोलतं स्टॉपवॉच. चहासुद्धा असा पितात, की जणू कुणी शिट्टी फुंकून शर्यत सुरू केलीय.

"का नको?" मी अत्यंत शांतपणे विचारलं. इतक्या शांतपणे, की व्हरांड्यातला शिपाई काय झालं म्हणून आत डोकावला.

"अहो, मी गणित घालतो. सगळी पोरं सोडवून मोकळी होतात, आणि ही आपली वहीकडे बघत बसते! मी शेजारी जाऊन उभा राहिलो, वहीत बोट घालून दाखवायला लागलो, की पेन्सिल माझ्याच हातात देते. म्हणते, 'घ्या, तुम्हीच करा.' आता हिला काय म्हणायचं?"

"विचार करते ती!"

"विचार घरी करावा! शाळेत उत्तरं द्यावीत!"

मुलांनो, हे वाक्य मी माझ्या या दोन कानांनी ऐकलं. तळपायाची आग मस्तकात म्हणतात ना, ती वाटेत कुठेही न थांबता थेट वर गेली. मी टेबलावर हात आपटला. सरांचा कप उडाला आणि त्यातला चहा सरांनीच तपासलेल्या पेपरांवर पसरला. ज्यांना शून्य होतं त्यांचं शून्य पुसलं गेलं. तेवढंच एक चांगलं काम त्या दिवशी माझ्या हातून झालं.

"सर, शांत व्हा," मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. माणूस सरळ, पण जगाकडे बघायच्या त्या मनगटावरच्या घड्याळातून.

"मी शांतच आहे!" मी ओरडलो.

"मग शांतपणे ऐका. ती मुलगी मागे पडतेय. तिला खालच्या तुकडीत पाठवावं लागेल."

खालची तुकडी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली होती. 'मंद' असं ज्यांच्या कपाळावर आम्ही मोठ्यांनी लिहून टाकलं, ती मुलं तिथे बसायची आणि फळ्यावरचं वहीत उतरवायची. दुसरं काही नाही! भिंगं वरच्या वर्गात, चुंबक वरच्या वर्गात, गोष्टींची पुस्तकं वरच्या वर्गात. खाली गेलेलं मूल परत जिना चढून वर आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. आणि माझ्या बाईसाहेब तिथे जाऊन फळा उतरवणार?

"बाई, माझं एक ऐका," मी म्हणालो. "एक तास तिच्याकडे बघा. फक्त बघा! तुम्ही सगळे वर्ग बघायला येता आणि बघता कुणाला? मला! माझं फळ्यावरचं अक्षर, माझा आवाज, माझ्या शर्टाची इस्त्री! अहो, शिकतंय कोण, मी की ती? डॉक्टर घरी येतो तो आजारी माणसाला तपासतो, का उशाशी बसलेल्या मामाला?"

"आणि तासाभरात काही नाही जमलं तिला, तर?"

"तर पाठवा खाली!"

हे माझ्या तोंडून गेलं आणि माझी मलाच चपराक मारावीशी वाटली. पण मोठ्या बाईंनी लगेच घड्याळ बघून दिवस ठरवूनसुद्धा टाकला.

आता नशिबाने माझी भाची त्या दिवसांत आमच्याकडे राहायला होती. मुलं वर्गात कशी शिकतात याचाच ती अभ्यास करते. वर्गात कोपऱ्यात बसायचं, एकेका मुलाचे हात, डोळे, चाळे बघायचे आणि ते मूल कुठे अडतं, कुठे सुटतं ते समजून घ्यायचं, असं तिचं काम. रात्री जेवताना मी तिला सगळं सांगितलं.

"मामा, जमेल," ती म्हणाली. "पण बघणं सोपं नसतं हं. बघायचं म्हणजे फक्त बघायचं. बोलायचं नाही, सुचवायचं नाही, मदत करायची नाही. मोठ्या माणसांना ते झेपत नाही."

"त्यांना नसेल झेपत! मला विचार. गप्प बसण्यात माझा हात कोण धरणार?"

यावर आमची ही, म्हणजे तुमची आजीच समजा, फिस्सकन हसली. "तुमचं गप्प बसणं भाचीला दाखवाच," ती म्हणाली आणि सुईदोरा घेऊन माझ्यासमोर बसली. "मी सुई ओवते. तुम्ही फक्त बघा."

ती दोरा सुईच्या डावीकडून नेत होती. भोक उजवीकडे होतं! मी हाताची मूठ आवळली. ती आता सुईच्या वरून नेत होती. मी ओठ आवळले. मग तिने दोऱ्याचं टोक ओलं न करताच—

"अगं, थुंकी लाव की आधी!"

दोघी पोट धरधरून हसल्या. मी सांगितलं, ते वेगळं! ती सुई होती. मुलांच्या बाबतीत मी असं कधीच करत नाही.

तो दिवस उजाडला. मी वर्गात प्रत्येक मुलासमोर एक टब ठेवला, टबात पाणी भरलं, प्रत्येकाला मातीचा एक गोळा दिला. लागलं तर असावं म्हणून पाण्याची एक मोठी बादली भरून माझ्या टेबलावर ठेवली. ही बादली लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

पाहुणे आले. मोठ्या बाई, गणिताचे सर, चित्रकलेच्या बाई आणि कवायतीचे सर. भाचीने त्यांना दारातच गाठलं. "प्रत्येकाने एकेका मुलाशेजारी बसायचं. त्याचे हात बघा, डोळे बघा. बोलायचं नाही. खुणा करायच्या नाहीत. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. भुवयासुद्धा हलवायच्या नाहीत."

"भुवया?" कवायतीचे सर म्हणाले. "आणि शिंक आली तर?"

"बाहेर जाऊन शिंका."

"मी त्या मुलीशेजारी बसते," मोठ्या बाई म्हणाल्या आणि बाईसाहेबांच्या बाकाजवळ खुर्ची ओढून त्यांनी घड्याळ समोर धरलं.

मी वर्गाला म्हणालो, "मुलांनो, बघा." आणि गोळा पाण्यात सोडला. डुबुक! तळाशी. "हीच माती, एवढीच माती. हिला तरंगवून दाखवा. कशी, ते मी सांगणार नाही."

वर्ग कामाला लागला. एक जण गोळा हळूच ठेवून बघत होता, म्हणजे पाण्याला कळणार नाही. एकीने आपल्या गोळ्याचे लाडू वळले. डुबुक, डुबुक, डुबुक! ऐकायला किती गोड आवाज असतो तो, मुलं चुकतानाचा! मी आनंदाने हात चोळत होतो. बाईसाहेबांनी अजून मातीला हात लावला नव्हता. त्या पाण्यात एक बोट बुडवून पाण्याकडे बघत होत्या. मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मान वळवली.

आणि मान वळवली तिथेच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली!

गणिताच्या सरांच्या वाट्याला वर्गातला एक चुणचुणीत मुलगा आला होता. सर बोलत नव्हते. नियम म्हणजे नियम! पण मुलगा गोळा लांबट करायला लागला की सर खाकरायचे. "अहं!" मुलगा थांबायचा. गोळा चपटा करायला लागला की सरांचा चेहरा उजळायचा. मुलगा आणखी चपटा करायचा. "अहं!" थांबला. चेहरा उजळला, पुढे. मी जवळ जाऊन पाहिलं तर काय! तो मुलगा पाण्याकडे बघतच नव्हता. मातीकडेही बघत नव्हता. हात मातीत आणि डोळे सरांच्या तोंडावर! तो सरांचं नाक वाचून मातीला आकार देत होता!

"सर," मी दातांतल्या दातांत म्हणालो, "खाकरू नका."

"घसा धरलाय."

"मग सोडा त्याला!"

तिकडे कवायतीचे सर आपल्या मुलाच्या कानाशी लागले होते. "पाठ ताठ! खांदे मागे! एक, दोन, दाब! एक, दोन, दाब!" बिचारं पोर ठेक्यावर माती दाबत होतं आणि प्रत्येक 'दोन'ला टबातलं पाणी सरांच्या बुटांत जात होतं.

मी तिकडे धावलो. "अहो, हे काय चाललंय?"

"मी मदत नाही करत हो. फक्त शिस्त लावतोय."

तेवढ्यात खिडकीजवळून कौतुकाचे आवाज आले. वळून बघतो तर पोरं चित्रकलेच्या बाईंभोवती गोळा झालेली. बाईंच्या शेजारच्या मुलीने मातीची एक वाकडीतिकडी वाटी केली होती. वाकडी खरी, पण ती तरंगली असती! पण तो वाकडेपणा बाईंना बघवेना. "इकडे आण, कड जरा सारखी करून देते," म्हणून बाईंनी ती हातात घेतली. कड सारखी झाली. मग तिला मान आली. मानेवर चोच आली. चोचीखाली पंख आले आणि पंखांवर नखाने एकेक पीस कोरलं गेलं! बदक झालं. एवढं देखणं बदक, की बाईंच्याच डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते मोठ्या प्रेमाने टबात सोडलं.

डुबुक.

"बुडालं!" गणिताचे सर खूश होऊन ओरडले. "बुडणारच! भरीव आहे ते!"

"बुडालं नाही, त्याने सूर मारला!" बाई लाल झाल्या.

"मग वर कधी येणार?"

"तुमच्यासारखी घाई नाही त्याला!"

"पाणी कमी पडतंय," कवायतीचे सर मध्ये पडले. "पाणी वाढवा, येईल वर!"

"पाण्याने काय होणार? वजन—"

"वजनाचं मला सांगू नका, मी वजनं उचलतो!"

झालं! तीन मोठी माणसं एका टबावर वाकून बदकासाठी भांडायला लागली. माझी पोरं माती टाकून त्यांच्याभोवती उभी राहिली. मागच्या रांगेतल्यांना दिसेना म्हणून ती बाकांवर चढली. अहो, मी या लोकांना मुलांना बघायला बोलावलं होतं आणि मुलंच त्यांना बघत होती, तीही फुकट!

"शू!" मोठ्या बाई गरजल्या. तो 'शू' असा होता, की भांडणापेक्षा त्याचाच आवाज मोठा झाला.

माझी भाची कोपऱ्यात उभी होती. तिने मला डोळ्यांनी खुणावलं. तिकडे बघ!

मी बघितलं. आणि मुलांनो, सगळ्या गोंधळात एक बाक शांत होता. बाईसाहेब कामाला लागल्या होत्या. त्यांनी गोळा चपटा केला होता, पानासारखा. पान पाण्यावर ठेवलं. बुडालं. त्यांनी ते बुडताना शेवटपर्यंत पाहिलं. बाहेर काढलं, पुसलं, पानाची एक कड वर वळवली. पुन्हा पाण्यात. ज्या बाजूला कड नव्हती तिकडून पाणी आत शिरलं आणि पान कलंडून बुडालं. बाईसाहेबांनी त्या उघड्या बाजूकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग हाताची ओंजळ केली, पाण्यात धरली, आणि त्या ओंजळीकडे बघत राहिल्या!

तिला सापडत होतं! कुणी न सांगता, आपलं आपण सापडत होतं! आता तिने मातीची दुसरी कड वर वळवली. मग तिसरी. सावकाश, अगदी सावकाश. शेजारी मोठ्या बाईसुद्धा घड्याळ विसरल्या. त्या खुर्चीच्या टोकावर आल्या. मान पुढे आली. डोळे मोठे झाले. पहिल्यांदाच कुणीतरी त्या मुलीला बघत होतं!

पण बघता बघता मोठ्या बाईंना राहवेना. त्यांचा हात शिवशिवला.

"अगं, त्या कोपऱ्यात फट राहिलीय, ती अशी—"

आणि त्यांचं बोट मातीत गेलं. मनगट घड्याळासकट पाण्यात गेलं. कड चेपली. वाटी फाटली.

बाईसाहेबांचे हात थांबले. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. त्यांनी सगळी माती गोळा केली, तिचा नीट गोळा केला आणि तो मोठ्या बाईंच्या तळहातावर ठेवला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तुम्हीच करा."

गणिताचे सर बदकावरून डोकं वर काढून म्हणाले, "बघा! मी सांगत होतो ना? अशीच करते!"

मुलांनो, मी सांगितलं ना, मी शांत माणूस आहे? त्या क्षणी तो शांत माणूस खिडकीतून उडी टाकून निघून गेला.

"अशीच करते?" मी ओरडलो. "अशीच करते? अहो, का करते ते दिसलं नाही? तिच्या हातातलं काम तुम्ही ओढून घेता, म्हणून ती देऊन टाकते! तुमची पेन्सिल, तुमचं गणित, तुमची माती! घ्या सगळं! नाव तिचं गोगलगाय आणि शिंगं तुम्ही खुपसता! फक्त बघायचं होतं! फक्त! बघायचं! होतं!"

प्रत्येक शब्दाला मी टेबलावर मूठ आपटत होतो. आता त्या बादलीची आठवण झाली का? मला नाही झाली.

पहिल्या 'फक्त'ला ती सरकली. 'बघायचं'ला टेबलाच्या कडेला आली. 'होतं'ला तिने डोळ्यांदेखत कोलांटी मारली! सगळं पाणी गणिताच्या सरांच्या अंगावर, उरलेलं फरशीवर. कवायतीचे सर मागे हटायला गेले, घसरले, आणि "एक, दोन" म्हणायच्या आत खाली बसले. पडता पडता त्यांनी चित्रकलेच्या बाईंचा टब धरला. तो त्यांच्या डोक्यावर उपडा झाला. बदक एकदाचं पाण्याबाहेर आलं आणि सरांच्या मांडीत जाऊन बसलं.

"मामा!" माझी भाची किंचाळली.

मग मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, "मामा?" दुसरा आला, "मामा!" आणि सगळा वर्ग खिदळायला लागला. "मामा! मामा! मामा!"

"हाताची घडी! तोंडावर बोट!" मी असा गरजलो, की व्हरांड्यातल्या शिपायानेही तोंडावर बोट ठेवलं.

मुलांनी ठेवलं. मुलं ठेवतातच. पण गंमत अशी, की मोठ्यांनीही ठेवलं! लहानपणीची सवय, हाडात मुरलेली. भिजलेले गणिताचे सर, लाल झालेल्या चित्रकलेच्या बाई, फरशीवर बसल्या बसल्या कवायतीचे सर, सगळे तोंडावर बोट ठेवून गप्प. मोठ्या बाईंच्या एका हातात मातीचा गोळा होता, त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट तोंडावर ठेवलं. त्या मनगटावरचं घड्याळ पाणी जाऊन बंद पडलं होतं. तेवढीच वर्गाला उसंत!

नळातून ठिबकावं तसं सरांच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

बाईसाहेबांनी मान वर केली. एकेकाच्या तोंडावरचं बोट तपासलं. मग उठल्या, मोठ्या बाईंच्या तळहातावरून आपला गोळा परत उचलला आणि जागेवर जाऊन बसल्या.

आम्ही बघत होतो. दुसरं करणार काय? त्यांनी गोळा चपटा केला. ओंजळीत घेतला. चारी बाजूंनी कड वर आणली. कोपऱ्यातली फट त्यांची त्यांनाच दिसली! ती बोटाने सारवून घेतली. उजेडाकडे धरून आरपार काही दिसतं का ते पाहिलं. आणि मग तान्हं बाळ पाळण्यात ठेवावं तशी ती वाटी पाण्यावर ठेवली.

हात काढून घेतला.

तरंगली!

जराशी डुलली, स्वतःभोवती फिरली आणि तरंगत राहिली. मोठ्या बाईंचे डोळे चष्म्याएवढे झाले. गणिताच्या सरांच्या बोटामागे त्यांचं तोंड उघडंच राहिलं. माझी भाची तर रडत होती. आणि मला काय झालं, ते मी कसं सांगू? माझ्या बाईसाहेब! खाली नाही, वर! पाण्यावर! मी धावत त्यांच्या बाकाशी गेलो, वाकलो, आणि—

"शाब्बास! शाब्बास बाईसाहेब! आता असं कर, कड आणखी थोडी उंच कर, आणि आत एक खडू ठेव! नाही, नाही, मधोमध नको, आधी या बाजूला, मग—"

वर्गात कुणीतरी श्वास रोखला. बहुतेक भाचीने.

बाईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. वाटी पाण्यातून उचलली. दोन्ही हातांनी दाबली, तिचा नीट गोळा केला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तुम्हीच करा."

गणिताचे सर हसले असते तर बरं झालं असतं. ते हसलेसुद्धा नाहीत, ओले होते. मोठ्या बाईंनी तोंडावरचं बोट काढलं. "मुलगी इथेच राहील," त्या हळूच म्हणाल्या. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. खाली कुणाला पाठवायचं, त्याचा मात्र मला आता नव्याने विचार करावा लागेल." आणि माझ्याकडे बघितलं.

मी काय करणार? गोळा हातात होता आणि सगळा वर्ग बघत होता. मी बाकावर बसलो, गुडघे बाकाला आपटले, आणि वाटी करायला घेतली. हा धडा मी किती वर्षं शिकवत आलोय! पण डोकं अजून तापलेलं होतं, आणि तळाला एक बारीकशी चीर राहिली.

आणि बाईसाहेबांनी काय केलं, माहीत आहे?

त्यांनी मोठ्या बाईंची खुर्ची ओढून माझ्या शेजारी घेतली. तिच्यावर चढून बसल्या. हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं, आणि माझ्या हातांकडे बघू लागल्या. मी वाटी पाण्यावर ठेवली. चिरेतून पाणी आत शिरायला लागलं. ते त्यांना दिसत होतं, मला दिसतंय हेही त्यांना दिसत होतं. मी आशेने त्यांच्याकडे बघितलं.

डुबुक.

त्यांच्या भुवयासुद्धा हलल्या नाहीत.